कोपऱ्यातले मामा

सिनेमाचं नावच पुरतं आलं नाही. पहिलं अक्षर टीव्हीच्या डाव्या कडेनं गिळलं, शेवटचं उजव्या कडेनं, आणि मधली सोनेरी अक्षरं तेवढी ऐटीत उभी राहिली. खाटेवर बसलेल्या चांगुणाबाईची मान आपोआप डावीकडे कलली. खिडकीतून अंगणाचा न दिसणारा भाग पाहायला माणूस वाकतं तशी ती थोडी वाकलीसुद्धा, आणि मग आपण काय करतोय हे ध्यानात येऊन ताठ बसली. खोक्याच्या कडेपलीकडे काही नसतं. तिसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं. पण मानेला कोण शिकवणार? तेवीस वर्षांपूर्वी हाच सिनेमा परभणीच्या टॉकीजमध्ये पाहताना ती मान अशीच अडीच तास कललेली होती आणि पुढं दोन दिवस अवघडून राहिली होती. "नाव कापलंय की हे," सूर्यभान म्हणाला. तिचा नवरा पाटबंधारे खात्यात कारकून. वस्तू बिघडली की ती दुरुस्त करायची नाही, आधी तिला हलवून पाहायचं, हा त्याचा नियम. तो उठून पत्र्यावरचा अँटिना फिरवायला निघाला. "दादा, व्हिडिओला अँटिना लागत न्हाई," लेक सत्यशीला बापाला म्हणाली. "लागत नसंल, पण फिरवाया काय जातंय?" म्हणत तो गेलाच. वरून पत्रा वाजला, मग त्याचा आवाज आला, "आलं का नाव?" मायलेकी एकमेकींकडं बघून हसल्या. रविवारची दुपार होती, थंडीचे दिवस होते, दारातून ऊन आत येऊन सत्यशीलाच्या पायांवर पडलं होतं, आणि चांगुणाबाईच्या मनात आलं की हा सिनेमा इथंच, या अर्ध्या नावावरच बंद पडला तर किती बरं होईल.

लेकीला सातवा महिना लागला होता. नांदेडहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली त्याच संध्याकाळी शेजारच्या कस्तुराबाईंनी रिवाजाप्रमाणं विचारलं होतं, काय खावंसं वाटतंय ग पोरी? कैरी, चिंच, तळलेलं काही? सत्यशीला म्हणाली, मला मामा बघायचेत. कस्तुराबाईंना वाटलं, पोरीला मामाची आठवण आली, बोलवून घ्या की. पण चांगुणाबाईला भाऊ नव्हता. घरात 'मामा' म्हटलं की तो एकच, सिनेमातला, डाव्या कोपऱ्यातला. सूर्यभाननं मनावर घेतलं. पंधरा दिवस तो कचेरी सुटल्यावर व्हिडिओच्या दुकानांच्या वाऱ्या करत होता, 'वरातीचा सिनेमा, दोन नवरदेव, एक हत्ती' अशी वर्णनं सांगत होता, आणि अखेर आज सकाळी व्हिडिओचं यंत्र आणि कॅसेट सायकलच्या कॅरियरला बांधून विजयी मुद्रेनं आला होता. नवऱ्याचं कौतुक वाटावं असा तो क्षण. चांगुणाबाईला वाटलंही. पण त्या कौतुकाखाली भीती होती, कारण मामांचं पुढं काय झालं ते ती लेकीला बारा वर्षं सांगत आली होती, डोळ्यांची शपथ घेऊन सांगत आली होती, आणि ते तिनं पाहिलंच नव्हतं. आज दोनअडीच तासांत ते लेकीच्या डोळ्यांसमोर उघडं पडणार होतं.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. टॉकीजच्या मालकानं पडदा वाढवला होता. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पांढरं कापड, गावोगाव त्याची चर्चा, लोक सिनेमापेक्षा पडदा पाहायला येत. सिनेमाही तसाच दांडगा: रंगीत, तीनशे वऱ्हाडी, हत्ती, घोडे, झुंबरं, आगगाडीच्या टपावरची वरात, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती पळापळ आणि हसवणूक. सासूबाई धुरपताबाई, सूर्यभान आणि ती अशी तिघं गावाहून एसटीनं आली होती. बायकांचा जनाना वेगळा असे, अगदी पुढं, डाव्या अंगाला, कमरेएवढ्या लाकडी फळीच्या आड. पडदा वाढवताना जनान्याचा विचार मालकाला कशाला सुचतो? वाढलेल्या पडद्याचं डावं टोक थेट बायकांच्या डोक्यावर आलं. तिथून मधलं काही धड दिसत नसे. हिरो-हिरोइनी दूर कुठंतरी लांबट, तिरप्या होऊन बोलत. जे दिसे ते डाव्या कडेचं. बाकीच्या बायका कुरकुरल्या, झोपल्या, पोरांना पाजू लागल्या. चांगुणाबाईनं मात्र ठरवलं की आपल्या वाट्याला आलाय तेवढा सिनेमा आपण नीट पाहायचा. म्हणून तिला हिरोचं नाव आठवत नसलं तरी डाव्या कडेचं सगळं पाठ होतं. हत्तीचा माहूत जांभया देत होता. एका खांबाआड एक बाई सगळा वेळ पदराचं टोक चावत होती. सूर्यभान पुरुषांत, उजव्या अंगाला बसला होता. परतीच्या एसटीत दोघं सिनेमाबद्दल बोलायला लागली तेव्हा दोघांनी दोन वेगवेगळे सिनेमे पाहिल्यासारखं झालं, आणि त्यावर दोघांचं पहिलं लटकं भांडण झालं. ते भांडण आजतागायत मिटलं नव्हतं आणि मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

आणि मामा. लग्नाच्या पंगतीचा लांबलचक देखावा होता. मध्ये गोंधळ, चुकीचा नवरदेव बोहल्यावर, आचाऱ्याचं सोंग घेतलेला हिरो, त्याच्या मागं व्हिलनची माणसं. आणि पंगतीच्या पार टोकाला, डाव्या कोपऱ्यात, मोठा फेटा बांधलेला एक म्हातारा पाहुणा पत्रावळ मांडून बसलेला. वाढपी पुऱ्या घेऊन येतो, वाढत वाढत येतो, आणि मामांच्या शेजारच्या पानाशी टोपली संपते. मामा पत्रावळ सरळ करतात, पाणी शिंपडतात, बाही सारखी करतात. भाजीवाला येतो, शेजारच्या पानाशी बादली संपते. मामा पुन्हा पत्रावळ सरळ करतात. तोंडावर रुसवा नाही, राग नाही, नुसती तयारी. बुंदीवाला निघतो तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारतं आणि तो परत फिरतो. जनान्यातल्या दोघीतिघी खदखदून हसल्या. चांगुणाबाई पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा हसली, तिसऱ्यांदा तिला आजी आठवली. ती सात वर्षांची असताना गावातल्या मोठ्या घरच्या लग्नाला आजीबरोबर गेली होती. मांडवात नाही, मांडवाच्या मागं, कुडापलीकडं, पातेलं घेऊन. पंगतीवर पंगती उठत होत्या. आजी दर पंगतीनंतर पातेलं पुसत होती. आजी तर हसतही होती, पोरीचं मन रमवायला. त्यानंतर दोन वर्षांनी सगळा मोहल्ला बुद्धाला शरण गेला आणि आजीनं ते पातेलं घरात पाणी तापवायला घेतलं, पुन्हा कुणाच्या दारी नेलं नाही. टॉकीजमध्ये त्या कोपऱ्यातल्या माणसाकडं बघताना चांगुणाबाईला एकच लागून राहिलं: याला मिळालं पाहिजे. एवढा पैसा ओतून सिनेमा काढलाय, हत्ती आणलेत, एक पान वाढायला काय होतंय?

आणि नेमकं तेव्हा धुरपताबाई उठल्या. शेवटची एसटी. "ऊठ चांगुणे, गाडी जाईल, रात्री कुठं ऱ्हायचं?" सासूचा हात दंडाला होता. जनान्याच्या दाराला जाड काळा पडदा होता. त्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं आणि आत सगळं टॉकीज फुटलं. असं हसू तिनं आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. पुरुष, बायका, पोरं, वरची खुर्चीवाली मंडळी, सगळी एकदम. ती वळली, पण समोर नुसता काळा पडदा होता. सूर्यभान जरा वेळानं बाहेर आला. काय झालं, का हसले, तिनं रस्त्यात पळता पळता विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्याची चप्पल उतारावरून घसरत पुढच्या रांगांत गेली होती आणि ती शोधायला तो खुर्च्यांखाली वाकला होता.

पत्र्यावरून उतरून आलेल्या सूर्यभाननं आता नवा इलाज काढला होता. टीव्हीच थोडा उजवीकडं सरकवला तर डावीकडचं दिसेल अशी कस्तुराबाईंच्या घरी चर्चा झाली म्हणे. त्यानं टेबल सरकवलं. डावीकडची भिंत जास्त दिसू लागली, बाकी काही नाही. सत्यशीला हसून लाल झाली. तिच्या हसण्यानं पोट हलत होतं आणि ती दोन्ही हातांनी ते धरत होती. टीव्हीत हत्ती आला तो निम्माच. पाय मागचे, शेपूट, अंबारीचा तुकडा. माहूत नव्हता. खांबाआडची बाई नव्हती. वऱ्हाडातली तीनशे माणसं कशीबशी पन्नास झाली होती आणि दोघं बोलत असली की एकाचं फक्त नाक दिसे. चांगुणाबाईला हळूहळू उमगत गेलं की तिचा सिनेमा, तिनं मान अवघडून पाहिलेला, सगळाच्या सगळा कापला गेलाय. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण आतून कुणीतरी टुणकन उडी मारली. मामा दिसणारच नाहीत! मग मामांना काय मिळालं, काय नाही, हेही दिसणार नाही. शपथ जिथल्या तिथं राहील. सुटका इतकी सोपी असते हे तिला नवीन होतं, आणि त्या आनंदाची तिला लगेच लाजही वाटली.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून पेटलं तेव्हा ती ज्या गावात शिकवत होती तिथून त्यांना एका दुपारी निघावं लागलं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी, वर्गाची चावी कमरेलाच. मागं काय जळालं ते नंतर कळलं. अकरा दिवस शहरातल्या एका शाळेच्या खोलीत सात कुटुंबं. आठ वर्षांची सत्यशीला बोलायची बंद झाली होती. रडत नव्हती, मागत नव्हती, भिंतीला टेकून दाराकडं बघत बसायची. दाराशी पाऊल वाजलं की तिची नखं आईच्या मनगटात रुतायची. डॉक्टर नाही, औषध नाही. चांगुणाबाईनं वर्गात सांगायच्या सगळ्या गोष्टी सांगून पाहिल्या. राजाराणी, ससा, कोल्हा. पोरगी हलली नाही. तिसऱ्या दिवशी काहीच उरलं नाही तेव्हा तिला मामा आठवले. पत्रावळीच्या जागी वही घेतली, पाणी शिंपडलं, बाही सारखी केली. वाढपी आला, टोपली संपली. मामांनी पान सरळ केलं. तिसऱ्या वेळी लेकीची नजर दारावरून वहीवर आली. चांगुणाबाई तिथं थांबली, कारण पुढं तिच्याजवळ काही नव्हतं. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोरीच्या तोंडून शब्द आला. "मग?" त्या 'मग'पुढं काळ्या पडद्याची गोष्ट सांगणार कोण? तिनं कढई उलटवली. हिरो धडकला, आचारी पडला, आणि सगळंच्या सगळं मामांच्या पानात. मामांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, सावकाश जेवले, बोटं चाटली आणि म्हणाले, "आता ताक वाढा." सत्यशीला हसली. मग गंभीर होऊन तिनं विचारलं होतं, "खरंच? सिनेमात हाय असं?" आणि चांगुणाबाई म्हणाली होती, "माझ्या डोळ्यांची आन. मोठ्या पडद्यावर, रंगीत." आठ दिवस रोज तीच गोष्ट. पुढंही तापात, परीक्षेत, सासरी पाठवताना. विद्यापीठाचं नाव अजून व्हायचं होतं, मोर्चे निघत होते, सूर्यभान जात होता, सत्यशीलाही कॉलेजातून जाऊन आली होती. पण शपथ तिथंच, त्या खोलीत, जशीच्या तशी उभी होती.

"आली बघ पंगत," सत्यशीला सावरून बसली. पंगत आली. मध्ये हिरो, तोंडाला पीठ. मागं आठदहा पानं. चांगुणाबाईनं पुऱ्यांची टोपली ओळखली. वाढपी डावीकडं वाढत निघाला, वाढत वाढत टीव्हीच्या कडेतून बाहेर गेला आणि रिकामी टोपली घेऊन परत आला. बस्. भाजीची बादली तशीच गेली, तशीच आली. सूर्यभाननं मांडीवर थाप मारली. "कुठंय तुझा मामा? तेवीस वर्षं झाली सांगायलाव, मनानं रचलंस म्हणून. घे! आता सरकारी पुरावा!" तो खुशीत आला की त्याला सगळंच सरकारी वाटे. सत्यशीला म्हणाली, "दादा, कापलंय ते. टोपली भरलेली गेली अन् खाली आली, म्हंजे कुणाला तरी वाढलंच की." ती आईची बाजू घेत होती. आणि तेच चांगुणाबाईला सोसवेना. पोरगी आता स्वतः आई होणार, उद्या हीच गोष्ट ती आपल्या लेकराला सांगणार, 'माझ्या मायनं डोळ्यांनी बघितलंय' म्हणून सांगणार. बुंदीवाला दिसला. त्याला कुणीतरी हाक मारली. आता सासूबाई उठणार. चांगुणाबाईच्या दंडाला खरंच काहीतरी जाणवलं.

"सत्या, बंद कर जरा."

चित्र थांबलं. थरथरणारं, मधून आडव्या पांढऱ्या रेघा गेलेलं, बुंदीवाल्याचा एक पाय हवेत. "काय झालं माय? दुखायलं का काही?" दुखायला लागायचं तर ते लेकीला, आईला नव्हे, पण सत्यशीलाचं असंच होतं. चांगुणाबाईनं पदर नीट केला. वर्गात चूक कबूल करायची वेळ आली की ती फळ्याकडं तोंड करून बोले. इथं फळा नव्हता. "इथनं पुढं मी बघितलेलं न्हाई," ती म्हणाली. "तुझी आजी उठली, आमी बाहेर आलो. आत सगळे हसले ते ऐकलं, तेवढंच. कढई उलटली, पान भरलं, ताक मागितलं, सगळं माझ्या मनचं हाय. तुला डोळ्यांची आन घालून खोटं सांगितलं मी." बोलून झाल्यावर तिला उगाच टीव्हीतल्या त्या हवेतल्या पायाची काळजी वाटली.

"ठाऊक हाय मला," सत्यशीला म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"तू रचायचीस ते. पहिल्या दिवशी मामाच्या पानात जिलेबी पडली होती. दुसऱ्या दिवशी बुंदी. अन् ती शेजारची बारकी भुकेनं रडली त्या दिवशी तर श्रीखंड बी पडलं. सिनेमा रोज बदलतो का माय?" ती हसत होती पण डोळे भरले होते. "म्हणून तर रोज विचारायची मी. आज माय मामाला काय वाढती, बघावं म्हणून."

बारा वर्षं जे ओझं चांगुणाबाईनं एकटीनं वाहिलं म्हणायचं त्याचं दुसरं टोक एका आठ वर्षांच्या पोरीनं धरलेलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. तिला राग आला नाही. लाजही वाटली नाही. उन्हात पाय सोडून बसल्यावर पायांना वाटतं तसं काहीसं सगळ्या अंगाला वाटलं. आता सूर्यभान चिडवणार, म्हणून तिनं त्याच्याकडं पाहिलं, तर तो उभाच राहिला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"थांबा. म्हंजे ताक बी न्हाई?"

"न्हाई."

"अगं, पण मी कचेरीत सगळ्यांना सांगितलंय! मी स्वतः बघितलं म्हणून सांगितलंय. साहेबाला सांगितलंय. कुणाच्या बी निरोपसमारंभाला मलाच उभं करतेत, मामाची गोष्ट सांगा म्हणून." सत्यशीलाला हसू आवरेना. "दादा, तुमी तर म्हणायचात असं काही न्हाईच!" "घरात म्हणायचो," सूर्यभान म्हणाला. "घरात कुणी तरी दुसऱ्या बाजूनं बोलाया पायजे का न्हाई?" तेवीस वर्षांच्या भांडणात हा माणूस बाहेर तिचीच बाजू मांडत फिरत होता, हे चांगुणाबाईला नवीनच कळलं, आणि ती नवऱ्याकडं असं पाहत राहिली की त्यानंच नजर वळवली. "लाव लाव, पुढं लाव," तो लेकीला म्हणाला.

रेघा गेल्या. बुंदीवाल्याचा पाय जमिनीला लागला. मागून हिरो धावत आला, त्याच्यामागं दोघं पैलवान, आणि बांबूला टांगून मोठी कढई नेणारे दोन आचारी मध्येच सापडले. धडक बसली. कढई कलली, थांबली, पुन्हा कलली, आणि मणभर पिवळी बुंदी हवेत उडाली. तिघांनीही श्वास रोखला. बुंदी उडाली ती डावीकडं. डाव्या कडेपर्यंत आली आणि टीव्हीबाहेर निघून गेली. दिसत होती ती फक्त पंगत, आणि पंगतीतलं प्रत्येक माणूस मान वळवून डावीकडं, कोपऱ्याकडं पाहत होतं आणि हसत होतं. नवरी हसत होती. पैलवान हसत होते. चांगुणाबाईला ते हसू ओळखीचं वाटलं. काळ्या पडद्याआडून ऐकलेलं, तेच, फक्त या वेळी ते समोर होतं आणि तिच्या शेजारी होतं, कारण सत्यशीला पोट धरून हसत होती आणि ती स्वतः, तिसरीची बाई, तोंडाला पदर न लावता हसत होती. "पडली!" सत्यशीला म्हणाली. "मामाच्याच पानात पडली, माय!" तिनं आईचा हात ओढून पोटावर ठेवला. आतलंही जागं झालं होतं.

देखावा बदलला, घोडे आले, कुणी पाहत नव्हतं. सूर्यभाननं लेकीला कॅसेट मागं घ्यायला लावली. कढई पुन्हा कलली, बुंदी पुन्हा बाहेर गेली. मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, तो उठला, टेबलाच्या डाव्या अंगाला जाऊन गुडघ्यांवर बसला आणि मान वाकडी करून त्यानं टीव्हीच्या लाकडी कडेला कान लावला. मायलेकींच्या हसण्यावर त्यानं हात वर केला.

"गप बसा जरा दोघी," तो म्हणाला. "मामा जेवायलेत."